एकशेवीस ओहम

कसबा बावडा, कोल्हापूर
११ फेब्रुवारी १९७९

अल्लाभाई यांस,
सयाजी उलपेचा रामराम.

पत्र बघून दचकाल. चार वर्षांत एक ओळ नाही आणि आज सयाजीला आठवण कशी झाली, असं भाभींना म्हणालही. तुमच्या शहाजादीच्या लग्नात बिर्याणी चापून गेलो तो गेलोच. काय करणार, घर आणि स्टुडिओ यांत माणूस गुरफटतो. इकडे कारखान्याचा हंगाम जोरात आहे, सगळ्या बावड्याला मळीचा वास. अंबू म्हणते, तुमच्या सदऱ्यालाही तोच येतो, स्टुडिओत बसता की चिमणीवर?

कामाचं लिहितो. येत्या २५ मार्चला, रविवारी, स्टुडिओची मंडळी माझा सत्कार करणार आहेत. पंचवीस वर्षं झाली मला तिथं. पहिली चौदा वर्षं काठीला माईक बांधून नटांच्या डोक्यावर धरला आणि पुढची अकरा तुमच्या खुर्चीत बसून सिनेमाचे आवाज घेतले. ‘तुमच्या’ मुद्दाम लिहिलं. तुम्ही होता म्हणून मी या धंद्यात टिकलो. तेव्हा माझी एकच मागणी आहे. त्या दिवशी तुम्ही स्टेजवर या आणि दोन शब्द बोला. दुसऱ्या कुणी बोललेलं मला नको. आपण दोघं ख्वाजा मिस्त्रींच्या दुकानात एका बाकावर बसून रेडिओ खोलायला शिकलो, हे माहीत असणारं माणूस आता तुमच्याशिवाय उरलेलं नाही.

उस्तादांची शिस्त माझ्या अंगातून अजून गेलेली नाही. कुठलीही वस्तू दुरुस्तीला उघडली की झाकणाच्या आत पेन्सिलीनं तारीख, काय केलं ते आणि आपलं नाव. गेल्या महिन्यात घरातलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त केलं तर त्यातही लिहिलं. अंबूनं बघितलं आणि पोट धरून हसली. म्हणाली, "उद्या माझ्या पाठीवर बी तारीख टाकशिला."

भाभींना सलाम. उत्तर लवकर पाठवा, पत्रिका छापायच्या आहेत.

आपला
सयाजी


पेठ वडगाव
१७ फेब्रुवारी १९७९

प्रिय सयाजीस,
अल्लाउद्दीनचा सलाम.

पत्र जुलेखानं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग मी स्वतः दोनदा वाचलं. तुझा सत्कार होतोय याचा आनंद माझ्याइतका कुणाला होणार नाही. पण स्टेजवर मी काय बोलू? आवाजाच्या धंद्यातल्या माणसाच्या सत्काराला, कान गेले म्हणून ज्याला घरी बसवला, तो बोलणार? लोक हसतील की नाही?

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो. लिहिलं की बरं वाटतं. अडुसष्ट साली मालकांच्या मेहुण्यानं एडनहून ते नवे हेडफोन आणले. त्याआधी आपल्याकडे मिलिटरीच्या लिलावातले होते, दोन हजार ओहमचे, चिरक्या आवाजाचे. त्यांची खोड मला पाठ होती. नवे आठ ओहमचे, मऊ गादीचे, आणि त्यांच्यातून आवाज कसा भारदस्त यायचा. सेटवर काम चालू असताना कर्णा लावून ऐकता येत नाही, सगळी मदार कानावरच्या त्या दोन वाट्यांवर. मला नटांचे आवाज घुमल्यासारखे वाटायचे, म्हणून मी खर्जाचं बटण खाली ओढायचो. मला वाटलं, आता नीट झालं. पाच महिन्यांनी सिनेमा तयार होऊन आला आणि आम्ही थिएटरात बसून बघितला. सगळे आवाज पत्र्यावर खडे पडावेत तसे. तानाबाई नायिका होती, ती भर थिएटरात म्हणाली, "माझा आवाज असा हाय व्हय?"

मग आपण दोघांनी तपास केला, आठवतं? हेडफोन ज्याला जोडायचे तो तू बनवलेला डबा आधी बघितला. त्याला मिलिटरीचे हेडफोन लावले, डबा ठणठणीत. नवे हेडफोन माझ्या घरच्या रेडिओला स्पीकरच्या जागी जोडले, तेही ठणठणीत. डबा चांगला, हेडफोन चांगले. तिसरी वस्तू उरली ती माझे कान. मालकांनी सतरा ऑगस्टला सगळ्यांसमोर परीक्षा घेतली. तोच प्रसंग, तीच तानाबाई, तोच डबा, तेच हेडफोन. आधी मी आवाज घेतला, मग तू. मोठ्या स्पीकरवर वाजवलं तर माझा पत्र्याचा आणि तुझा भरीव, गोड. तुला विचारलं काय केलंस, तर म्हणालास, "म्या कायबी केलं न्हाय, बटनं सरळ ठिवली."

हंबीरराव मालक त्या दिवशी ओरडले नाहीत, हेच मला जास्त लागलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अल्लाउद्दीन, कान हाय, डोळ्यासारखंच जातंय की. तुझा काय दोष न्हाय." मी अडतीस वर्षांचा होतो. जुलेखा मिरजेच्या डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली, मी गेलो नाही. तो काय सांगेल याची भीती वाटली. वडगावात येऊन लग्नाला, जत्रेला कर्णे लावायचा धंदा काढला. कर्ण्याला कान लागत नाही, जोरात वाजला की झालं.

पण एक सांगतो. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मी निघालो आणि सगळे नजर चुकवत होते, तेव्हा तू एकटा माझी पिशवी उचलून एस.टी. स्टँडपर्यंत आलास. गाडी सुटेपर्यंत उभा होतास आणि डोळ्यांतून पाणी काढलंस. हे मी स्टेजवर सांगीन. छाप नाव पत्रिकेत.

आणि गंमत ऐक. इथला केरबा भंगारवाला स्टुडिओच्या अडगळीचा माल घेऊन आला. "तुमाला कायतरी लागंल" म्हणून एक पोतं माझ्या दारात ओतलं. त्यात काय निघालं असेल? तुझा तो डबा. आणि सोबत एडनचे हेडफोन, गादी उंदरानं खाल्लेली. अकरा वर्षांनी दोघं माझ्या दारात.

तुझा
अल्लाउद्दीन


कसबा बावडा
२० फेब्रुवारी १९७९

अल्लाभाई यांस,
सयाजीचा रामराम.

तुम्ही येताय, हे वाचून छातीवरचं ओझं उतरलं. पत्रिका आजच छापायला टाकली. तुमचं नाव ठळक अक्षरांत, माझ्या नावाच्या लगेच खाली.

तो डबा मात्र ठेवू नका. आतले सेल फुटून आम्ल सांडलंय, मी स्वतः अडगळीत टाकला होता. हाताला लागलं तर कातडी जाते. उघडायच्या भानगडीत पडू नका, विहिरीत टाका किंवा केरबाला परत द्या. तुम्हाला तसला डबा हवाच असेल तर मी नवा, चांगला बनवून पाठवतो. पुढच्या आठवड्यात पाठव म्हणालात तरी पाठवतो. केरबाला काय कळतंय, कुठलाही कचरा उचलून लोकांच्या दारात ओततोय.

आठवणी काढून मन जड करून घेऊ नका. झालं ते झालं. कानाचं काय, आता मलाही पूर्वीसारखं ऐकू येत नाही. यायचं तेवढं नक्की करा. अंबू पुरणपोळ्या करणार आहे.

आपला
सयाजी


पेठ वडगाव
२ मार्च १९७९

प्रिय सयाजीस,
सलाम.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा डबा उघडून झाला होता. हात शाबूत आहे. आम्ल कुठं दिसलं नाही, सेल कुणीतरी आधीच काढून घेतले होते.

तुझं काम अजून कसं देखणं दिसतं. प्रत्येक तार सरळ, प्रत्येक सांधा गोल. पण एक वस्तू बघून मी थांबलो. हेडफोनच्या भोकाकडे जाणाऱ्या तारेत तू एक रेझिस्टन्स घातला आहेस, एकशेवीस ओहमचा. तो का घातलास हे मला आठवतं. आधीच्या डब्यात प्लग काढता-घालता तारा एकमेकींना भिडायच्या आणि आतले ट्रान्झिस्टर जळायचे. दोन जळल्यावर तू हा डबा बनवतानाच हा अडथळा टाकलास आणि मी तुझी पाठ थोपटली होती. नवल ते नाही. नवल हे, की त्या रेझिस्टन्सच्या दोन्ही टोकांना एक तांब्याची तार जोडून कुणीतरी त्याला वळसा दिला आहे. म्हणजे रेझिस्टन्स जागेवर आहे, पण आवाज त्याच्यातून जातच नाही, शेजारून जातो.

हे कशाला केलं असेल, म्हणून मी नवे सेल घातले, माईक चुलीपाशी ठेवला आणि जुलेखाला म्हणालो, बोल काहीतरी. तिनं काय बोलावं? माझ्या धंद्याला नावं ठेवली. मी एडनचे हेडफोन कानाला लावून ऐकत होतो. तार होती तशी असताना जुलेखाचा आवाज जुलेखासारखा. मग मी तार काढली. सयाजी, आवाज एकदम रांजणात उतरला. तोच फुगलेला, घुमणारा आवाज, जो मी अडुसष्ट साली सहा महिने ऐकला. परत तार जोडली, परत जुलेखा. चार वेळा केलं. शेवटी ती वैतागली आणि म्हणाली, "मी हाय तशी ऐकू येत्ये का न्हाय, तेवढं सांगा."

कारण शोधायला मला दोन दिवस लागले. एडनच्या हेडफोनवर आठ ओहम लिहिलंय, पण सगळ्या सुरांना तो आठच राहत नाही. मी मोजलं. खर्जात एका जागी तो तीसवर जातो. वाटेत काही अडथळा नसेल तर काही बिघडत नाही, डबा सगळ्या सुरांना सारखंच देतो. पण वाटेत एकशेवीसचा अडथळा असला की आठाच्या जागी हेडफोनच्या वाट्याला फार थोडं येतं आणि तीसच्या जागी त्याच्या तिप्पट. म्हणून खर्ज फुगतो. मिलिटरीचे हेडफोन दोन हजार ओहमचे, त्यांना या एकशेवीसचं काय? म्हणून ते लावले की डबा निर्दोष. आणि रेडिओत हा अडथळाच नाही, म्हणून तिथं हेडफोन निर्दोष. आपण दोन्ही वेगवेगळे तपासले. एकत्र तपासायला हवे होते. उस्ताद असते तर दोघांचे कान धरले असते.

म्हणजे त्या सहा महिन्यांत माझे कान बरोबर ऐकत होते. जे आवाज माझ्यापर्यंत आले तेच फुगून येत होते आणि मी ते कापत होतो.

तर एवढंच विचारायचं आहे. ती तांब्याची तार कुणी टाकली, आणि केव्हा?

तुझा
अल्लाउद्दीन


कसबा बावडा
६ मार्च १९७९

अल्लाभाई यांस,
रामराम.

तुमची हुशारी काय सांगावी. जे इंजिनिअरला सुचलं नसतं ते तुम्ही चुलीपाशी शोधलंत.

तारेचं मला नीट आठवत नाही. बहुतेक बहात्तर साली, एक पुण्याचा रेकॉर्डिस्ट महिनाभर आला होता, त्यानं काहीतरी खोललं होतं. मीही तेव्हा हात लावला असेल. इतक्या डब्यांत हात घातला, कुठलं कुठलं आठवणार? त्या वेळी मला कळलं असतं तर मी तुम्हाला सांगितलं नसतं का? तुम्ही माझे थोरले भाऊ.

आता हे उकरून काय मिळणार? मालक वारले, तानाबाई मुंबईला गेली. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर मी मालकांच्या थोरल्या मुलाशी बोलतो. स्टुडिओत आठवड्यातून दोन दिवस तुम्हाला सल्लागार म्हणून बोलवायला लावीन. तो माझं ऐकतो.

पत्रिका सोबत जोडली आहे. तुमचं नाव बघा किती छान दिसतंय. तुम्ही येणार, हे मी गावभर सांगून ठेवलंय.

आपला
सयाजी


पेठ वडगाव
१० मार्च १९७९

सयाजी,

मी तुला विचारलं तेव्हा उत्तर मला माहीत होतं. तू खरं लिहितोस का, एवढंच बघायचं होतं. बहात्तर साल आणि पुण्याचा माणूस वाचला तेव्हा कळलं, तू अजून तिथंच उभा आहेस.

डबा उघडल्यावर मी आधी झाकण उलटं केलं. दुसरं काय करणार, एकाच उस्तादाचे आपण. वरती काजळी होती, जुलेखानं रॉकेलच्या बोळ्यानं पुसली. खाली तुझं अक्षर. जसं आहे तसं उतरवून देतो, तुझ्याकडे प्रत नसेल.

९/१/६४. नवा बनवला. स. उ.
१४/८/६८. तार टाकली. स. उ.
१६/८/६८. तार काढली. स. उ.
२०/८/६८. तार टाकली. स. उ.

बहात्तर सालची ओळ कुठं आहे? पुण्याच्या माणसाची सही कुठं आहे?

परीक्षा सतरा ऑगस्टला होती. चौदाला तुला दोष सापडला आणि तू तो काढलास. त्याच दिवशी मला सांगितलं असतंस तर मी तुला खांद्यावर घेऊन शहरभर नाचलो असतो. सोळाला तू तो दोष परत आत घातलास. सतराला मी सगळ्यांसमोर तो डबा कानाला लावून बसलो. तू चार हात अंतरावर उभा होतास. डब्यावर विश्वास ठेवायचा नाही, बटणं सरळ ठेवायची, हे तिथं एकट्या तुला माहीत होतं. अठराला तू माझी पिशवी उचललीस आणि रडलास. विसाला माझ्या खुर्चीत बसण्याआधी तू तार परत टाकलीस.

एक माणूस दुसऱ्याची खुर्ची घेतो, हे जगात होतं. तू खुर्ची मागितली असतीस तर मी भांडलो असतो, हरलो असतो किंवा जिंकलो असतो. तू माझे कान घेतलेस. अकरा वर्षं मी स्वतःच्या कानावर विश्वास ठेवला नाही. दारात कुणी हाक मारली तर खरंच मारली का, म्हणून जुलेखाच्या तोंडाकडे बघायचो. आणि शहाजादी. ती तेव्हा बारा वर्षांची होती, तू तिचं गाणं ऐकलं आहेस. रोज सकाळी माझ्यासमोर बसायची आणि म्हणायची, अब्बा, कुठं चुकलं सांगा. वडगावला आल्यावर मी तिला सांगितलं, मला कळत नाही बाई, मी बहिरा झालो, मला विचारू नको. दोन-तीन महिने ती तरी बसायची. मग बसायची थांबली.

हे तुला माहीत होतं. तू लग्नाला आला होतास. कुणीतरी तिला गायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आता सवय राहिली न्हाय. तू तिथं बसून बिर्याणी खात होतास.

अल्लाउद्दीन


कसबा बावडा
२० मार्च १९७९

अल्लाभाई,

तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज कागद घेतला आणि ठेवला. अंबू विचारते काय झालंय, मी पोट दुखतंय म्हणतो.

तारखा खऱ्या आहेत. बहात्तर साल खोटं. आम्ल खोटं. मला वाटलं होतं, अडगळीत गेलं म्हणजे ते झाकण माझ्यापुरतं बंद झालं. तो डबा मी स्वतः जाळायला हवा होता. उस्तादांनी शिकवलेलं काम जाळायचं, म्हणून हात वळला नाही.

आता जसं घडलं तसं लिहितो. चौदा तारखेला सेल बदलायला डबा उघडला होता. हेडफोन कानाला, टेपवर तानाबाईचं जुन्या हेडफोनच्या काळातलं बोलणं चालू. पेचकस हातातून निसटून त्या रेझिस्टन्सवर आडवा पडला आणि तानाबाईचा आवाज एकदम जागेवर आला. घूम गेली. पेचकस उचलला, घूम परत. मला कळायला घटकाभर लागली, कळल्यावर मी तिथल्या तिथं तार टाकली, तारीख लिहिली आणि सायकल काढून तुमच्या घराकडे सुटलो. खरंच सांगतो, आनंदानं सुटलो होतो. तुमच्याकडे दोघे पाहुणे बसले होते. सिनेमाचाच विषय चालला होता. मी दारातच म्हणालो, अल्लाभाई, आवाजाचं मला एक सुचलंय. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "सयाजी, तू काठी धर. कानाचं काम काठीवाल्याचं न्हवं." पाहुणे हसले. भाभींनी चहा दिला, तो पिऊन मी परत आलो.

तरीही मी सांगणार होतो. दुसऱ्या दिवशी सांगू, असं ठरवलं होतं. सोळाला मालकांनी बोलावलं आणि म्हणाले, उद्या तुझा आवाज चांगला आला तर खुर्ची तुला. चौदा वर्षं मी काठी धरली होती, खांदे वाकडे झाले होते. मी जाऊन डबा उघडला. तार काढली आणि सवयीनं पेन्सिल हातात घेतली. लिहून झाल्यावर कळलं मी काय लिहिलं. खोडायला गेलो, पण उस्ताद म्हणायचे, झाकणातलं खोडायचं न्हाय, पुढच्याला अंधारात ठेवायचं न्हाय. माणसाला अंधारात ठेवलं आणि झाकणाला नाही, असा मी.

स्टँडवरचं रडणं खोटं नव्हतं, एवढं माना.

डबा चांगला, हेडफोन चांगले, एकत्र आले की बिघाड. आपल्या दोघांचंही तसंच झालं, असं मला कधी कधी वाटतं.

रविवारी तुम्ही या. स्टेजवर सगळं सांगा, मी मान खाली घालून ऐकेन. नाहीतर असं करा, अंबूसमोर सांगू नका, मालकांच्या मुलाला एकट्याला सांगा. मला काय मागावं तेच कळत नाही. पण या. तुमची खुर्ची रिकामी राहिली तर लोक विचारतील.

सयाजी


पेठ वडगाव
२६ मार्च १९७९

रा. रा. सयाजीराव उलपे यांस,
स. न. वि. वि.

आपलं २० तारखेचं पत्र पोचलं. काल सत्काराला येऊ शकलो नाही. माझी खुर्ची रिकामी राहिली असेल, त्याबद्दल लोकांना काय सांगायचं ते आपण सांगितलंच असेल. आपल्याला ते जमतं.

काठीवाल्याचं ते बोलणं मी बोललो असेन. मला आठवत नाही, पण माझ्या तोंडचं वाटतं. तेव्हा माझ्या अंगात मस्ती होती. त्याबद्दल माफी मागतो, पाहुण्यांसमोर बोललो म्हणून दोनदा मागतो. पण मी आपल्याला बोललो ते आपल्या तोंडावर बोललो. आपण माझ्या थोबाडीत दिली असती तर तिथल्या तिथं फिटलं असतं.

डबा आणि हेडफोनची गोष्ट आपण आपल्या दोघांना लावलीत, ती मला पटली नाही. त्या दोघांना एकमेकांचं काही माहीत नव्हतं. आपल्याला सगळं माहीत होतं.

काल शहाजादी माहेरी आली होती. मी तिला समोर बसवलं, माईक ठेवला, डबा जोडला आणि एडनचे हेडफोन कानाला लावले. म्हणालो, बाई, गा. कुठं चुकतं ते मी सांगतो. ती म्हणाली, "अब्बा, आता आवाज कुठं ऱ्हायलाय?" तरी गायली. लहानपणी रोज म्हणायची तेच म्हणाली. सयाजीराव, मला सगळं ऐकू आलं. कुठल्या सुरावर तिचा आवाज फाटतो, कुठं दम अपुरा पडतो, कुठली जागा रियाज नसल्यानं बोथट झाली, कुठं अजून तीच बारा वर्षांची पोर आत आहे. एकही गोष्ट सुटली नाही. माझे कान इतके चांगले आहेत, हे मला काल कळलं, आणि ऐकायला काय उरलंय तेही काल कळलं. गाणं संपल्यावर तिनं विचारलं, कुठं चुकलं? मी हेडफोन काढले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. जुलेखा आत निघून गेली.

सल्लागाराची जागा मला नको. मालकांच्या मुलाला, अंबूवहिनींना मी काही सांगणार नाही. ते काम माझं नाही. यापुढे आपण पत्र लिहू नये, मी उत्तर देणार नाही.

डबा केरबाबरोबर पाठवत आहे. केरबा तो आपल्याच हातात देईल. तार जशी होती तशी ठेवली आहे, डबा आता चांगला चालतो. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा झाकणात लिहिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा उस्तादांची शिस्त मोडली, कारण काय लिहायचं ते ठरत नव्हतं. काल ठरलं. आपल्या चार ओळींखाली पाचवी ओळ माझी आहे.

२५/३/७९. तपासला. दोष कानात नव्हता. अ. शि.

तिच्याखाली अजून एका ओळीची जागा आहे. आपण उघडाल तेव्हा तारीख टाकावी.

कळावे,
अल्लाउद्दीन शिकलगार